मांसासाठी बाहेर काढलेल्या कुप्या आणि आज नऊ वाजताचे इंजेक्शन

प्रति,
मा. संचालक साबिरझान ओमिरबेकुली,
तास्तीबुलाक मधुमेह संशोधन केंद्र, अल्माटी.

अर्जदार : कुल्पाश इस्काकोवा, प्रयोगशाळा सहायक
विषय : आज सकाळी ९ वाजता द्यावयाचे इंजेक्शन थांबवणेबाबत.
संदर्भ : आपला तोंडी हुकूम, दि. २ डिसेंबर.

महोदय,

आता आठ वाजून दहा मिनिटे झाली आहेत, म्हणून अर्जदार मायना आवरता घेऊन पुढीलप्रमाणे सादर करते.

१. अर्जदार एकोणीस वर्षे उंदरांच्या स्वादुपिंडातील बीटा पेशींवर न्यूक्लिओटाइडचे थेंब सोडण्याचे काम करते. हा पदार्थ पेशीच्या आत इंधन असतो. बाहेरून लागला की पेशी तो निरोप समजते आणि जास्त इन्सुलिन सोडते. आजचे इंजेक्शन याच भांडवलावर उभे आहे.

२. दि. २ रोजी आपला सोगिमचा घोडा कापला गेला. हिवाळ्याची ही बेगमी आपल्या घरी मावेना, म्हणून दोन पोती मांस केंद्रात आले. आपण म्हणालात, "कुल्पाश, फ्रीजरमध्ये जागा कर. तुझ्या त्या कुप्या सज्ज्यात ठेव, बाहेर काय कमी थंडी आहे?" निम्मे शहर मांस सज्ज्यातच ठेवते, त्यामुळे अर्जदाराला काही वावगे वाटले नाही. पुढे तीन दिवस उबदार वारा सुटला आणि सज्ज्याच्या काचांत ऊन कोंडले. चौथ्या दिवशी कुप्यांतले गोठवलेले न्यूक्लिओटाइड वितळून कोमट पाणी झाले होते. अर्जदाराने त्या गुपचूप पुन्हा गोठवल्या, कारण संचालकांच्या मांसाविरुद्ध तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

३. असे तापलेले न्यूक्लिओटाइड मोडते आणि मागे जे उरते ते बीटा पेशीला उलट गप्प बसवते. त्यामुळे त्या कुप्यांच्या उंदरांवरील चाचणीत इन्सुलिन जेमतेम वाढले. विभागप्रमुख रौशान आपाय म्हणाल्या, "औषध मिळमिळीत आहे गं, मात्रा आठपट करू." आज कुपी ताजी आहे आणि मात्रा तीच आठपट आहे. माणसाची साखर एकदम कोसळेल आणि तो शुद्धीवर येणार नाही, या भीतीने अर्जदाराला धड झोप नाही.

४. आज इंजेक्शन घेणाऱ्या स्वयंसेवकांच्या यादीत पहिले नाव अर्जदाराचे पती दुलात यांचे होते. घरी या औषधाच्या फुशारक्या अर्जदारानेच मारल्या होत्या. जाऊ नका म्हटले तर ते हसले, "तुझ्या हातचं औषध, आणि तूच घाबरतेस होय? वेडी कुठली." इंजेक्शन उपाशीपोटी घ्यायचे असते. सबब वेळ दुपारची झाली अशी थाप मारून अर्जदाराने आज सकाळी सहाला त्यांना लोणी लावून सहा तळलेले बौरसाक आणि दुधाचा चहा समोर बसून संपवायला लावला. ते बाद झाले. अर्जदाराला हायसे वाटले, याची आता लाज वाटते.

५. मघाशी रौशान आपायना सर्व सांगितले. त्या म्हणाल्या, "हे मी ऐकलंच नाही. लेखी दे, वर पाठव." आवक खिडकीवर चौकशी केली असता उत्तर पंधरा दिवसांत येते असे कळले. म्हणून हा अर्ज आपल्या दाराखालून सरकवत आहे. आपण आत फोनवर बोलत आहात, ते ऐकू येते. परिच्छेद २ नडत असेल तर तो गाळावा. कुप्या अर्जदाराने स्वतःच्या मूर्खपणाने बाहेर ठेवल्या असे वाटेल त्या शब्दांत लिहून घ्यावे, बडतर्फ करावे. फक्त आधी खाली फोन करावा.

६. दुलात बाद झाल्याने दुसरे नाव वर आले आहे: पहारेकरी तोक्सान अता, वय चौसष्ट, घरी एकटेच. अर्जदाराने पाव पुढे केला, तो त्यांनी परत केला. "कावळे ओरडतायत पोटात, पण नियम म्हणजे नियम, पोरी." मग अर्जदाराने त्यांना खरे ते सगळे सांगितले. ते म्हणाले, "कागदावर साबिरझानची सही आहे. तो कशाला माझं वाईट करेल?" ते दुसऱ्या मजल्यावर बाही वर करून बसले आहेत.

आपल्या दाराबाहेर उभी असलेली,
(सही)
कुल्पाश इस्काकोवा
दि. २३ डिसेंबर, सकाळी ८.२५

सोबत : तळाशी सही केलेला कोरा कागद, एक.