एकच पाय दोनदा आखूड

तीर्थस्वरूप ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार (गुडघे कुरकुरतात, तेव्हा मनातल्या मनात). तुझी पाठ कशी आहे? भावोजी आता तरी तुझं ऐकतात का? इकडे आम्ही सगळे मजेत, म्हणजे हे आणि माझं शिलाई मशीन. माझं विचारशील तर सांगते, पण आधी नीट बस आणि लगेच हसू नकोस.

कपडे आखूड-लांब करण्यात माझा हात धरणारं इथे कोणी नाही (हे मी नाही, गिऱ्हाइकं म्हणतात). तर गेल्या आठवड्यात एक गाण्याचे मास्तर कार्यक्रमासाठी घेतलेली नवीकोरी पॅंट घेऊन आले. दोन्ही पाय जरासे आखूड करायचे, बस. मी उजवा पाय कापला, दुमडला, शिवला. तेवढ्यात अंगातून ती वाफ उठली, मानेपासून टाळूपर्यंत नुसता भडका! पंख्यासमोर उभी राहिले, घाम पुसला, परत बसले आणि पुन्हा उजवाच पाय कापला. मास्तर पॅंट घालून पडद्याआडून बाहेर आले, तर एक पाय बुटावर आणि दुसरा पोटरीवर. ते बघून मला जो हुंदका फुटला, तो काही केल्या थांबेना. बिचारे इतके घाबरले, की "अहो, रडू नका, मला अशीच हवी होती!" म्हणून तसेच रस्त्याने चालते झाले.

ह्यांचं आणखी वेगळंच. जन्म विजेच्या तारांत गेलेला, त्यामुळे बायको तापते म्हटल्यावर हे बिघाड घरात शोधणार. मी "भट्टीत बसल्यासारखं होतंय" म्हणायचा अवकाश, की पेचकस घेऊन हजर. आता मशीनवर एक पंखा, ओट्यावर एक, मोरीच्या दारावरसुद्धा एक. पीठ चाळायला घेतलं की मी, हे आणि भिंती सगळे पांढरे. मग मी ओरडते, ओरडले म्हणून रडते, आणि हे पंखा आणखी वाढवतात. फार चांगला माणूस आहे गं. त्यानेच जास्त रडू येतं.

हसलीस ना? हस. पण खरं सांगू, मी आतून पार घाबरले होते. झोप नाही, साधे शब्द आठवत नाहीत, कात्रीला "ते हे" म्हणते. काही दिवस तर उठायचं कशासाठी, हेच कळेना. वाटलं, डोकं फिरायला लागलं, आणि हे सांगणार तरी कोणाला?

दुसऱ्या दिवशी मास्तरांची बायको ती पॅंट घेऊन आली. मी कंबर कसून भांडायच्या तयारीत. ती शांतपणे स्टुलावर बसली आणि दुकानात दोन पुरुष गिऱ्हाइकं उभी असताना खणखणीत आवाजात म्हणाली, "पाळी जायला आलीय का तुमची?" (गिऱ्हाइकं मापं न देताच पळाली.) मग सांगायला लागली, की त्या वर्षांत तिने इस्त्री फ्रीजमध्ये ठेवली होती आणि मास्तरांना उगीचच घराबाहेर काढलं होतं. म्हणाली, हार्मोन्स खाली-वर झाले की मनही त्यांच्या मागे फरफटतं, तुम्ही काही वेड्या नाही. बायकांच्या डॉक्टरकडे जा, उपाय असतात, आणि मनाचंही सांगा, लपवू नका. ताई, वेडी नाहीस एवढंच कोणीतरी म्हणावं म्हणून मी किती दिवस वाट बघत होते! बोलताना तिने माझा घामट हात सोडला नाही.

तर आता सगळं ठीक आहे. तू काळजी करू नकोस आणि धावत तर मुळीच येऊ नकोस.

तुझी,
धाकटी

ता. क. : गुरुवारी सकाळी डॉक्टरांची वेळ मिळाली आहे. हे येतो म्हणतात, पण ते तिथे पंख्याचा रेग्युलेटर उघडून बसतील.

आणखी ता. क. : वेळ देणाऱ्या मुलीने विचारलं, सोबत कोणी येणार आहे का? मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि "माझी ताई येणार आहे" असं बाहेर पडलं. मला खोटं पाडू नकोस. ये ना गं.