दोन सूत कमी केलेली बॅट

आज शुक्रवारी सकाळी सव्वादहा वाजता माझे डोके ठिकाणावर असल्याचे आमच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून लेखी दिले आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. मी दोनपर्यंत आलो आणि तिथे डाव घोषित केला. "काका, दोन का ठेवले?" त्यांनी विचारले. "दुसऱ्या डावासाठी," मी म्हणालो. त्यांनी हसत शिक्का मारला. तो कागद सोबत जोडला आहे.

तेव्हा मी, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा बॅट बनवणे व दुरुस्त करणे, मैदानावरचे नाव खुंटा, कोणीही न सांगता, न दटावता, माझ्याच दुकानातल्या बाकावर बसून, माझ्यामागे काय कोणाकडे जावे ते लिहून ठेवत आहे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात लिहिले होते आणि त्यात एकट्या धाकट्या भावावर दोन पाने खर्ची पडली होती.

कलम एक. दुकानावरच्या दोन खोल्या व बँकेतील शिल्लक माझ्या मुलास मिळावी. त्याला क्रिकेट मुळीच आवडत नाही. घरात ज्याच्याशी माझे एकदाही भांडण झाले नाही असा तो एकटाच, याचे कारणही बहुधा तेच. दुकानाबद्दल त्याला फोनवर विचारले. "बाबा, मला दुकान नको. ती तुमची मोडकी खुर्ची तेवढी द्या," तो म्हणाला. खुर्चीही त्याची. वरच्या खोलीत सध्या माझी पुतणी राहते. तिला हवे तितके दिवस तिने राहावे, हे त्याने कबूल केले आहे.

कलम दोन. दुकान, त्यातील लाकूड, वेताच्या मुठी, दोऱ्याची रिळे, जवसाच्या तेलाचे डबे, सर्व रंधे, पटाशा व कानशी माझ्या पुतणीस मिळाव्यात. ती धाकट्या भावाची मुलगी. वयाच्या विसाव्या वर्षी दारात येऊन उभी राहिली, "काका, मला शिकवा," म्हणाली, आणि त्याला आता अकरा वर्षे झाली. मूठ बसवावी तर तिनेच. मैदानावर ती वीस षटकांच्या सामन्यांत सलामीला जाते आणि पहिल्या चेंडूपासून ठोकत सुटते, म्हणून तिला हातोडी म्हणतात. खुंट्याच्या दुकानात हातोडी, यावर गिऱ्हाइकांनी पुरेसे विनोद केले आहेत. आणखी नकोत.

जुन्या मृत्युपत्रात अट होती की दुकानात ठोकणाऱ्यांची जाड कडेची बॅट बनवू नये. ती अट मी मागे घेतो. तिने रंगीत मुठीसुद्धा विकाव्यात, मी पाहायला नसेन. खरे सांगायचे तर दोन दिवसांचे सामने खेळणारा माझ्यासारखा माणूस एक बॅट बारा वर्षे वापरतो आणि वर ती तेल लावायला फुकट आणून देतो. ठोकणारे महिन्याला एक मोडतात. ज्या खेळाला मी आयुष्यभर नाके मुरडली, त्यानेच हे दुकान उघडे ठेवले.

कलम तीन. नवी बॅट ठोकून पक्की करायची लाकडी मोगरी पुतणीकडेच राहावी. समोरच्या फर्निचरवाल्याला ती कधीही, अर्ध्या तासासाठीही देऊ नये. त्याने एकदा या मोगरीने खिळे ठोकले. त्याला मी माफ केलेले नाही आणि यापुढे तेवढा वेळही नाही.

कलम चार. माझे कानाचे यंत्र मैदानावरच्या भोंगेवाल्यास द्यावे. प्रत्येक चौकारानंतर तो गाणे वाजवतो. यंत्र कानात घालून त्याने एक सामना भोंग्याखाली बसून काढावा, एवढीच विनंती.

कलम पाच. हे कलम मी मेल्यावर उघडावे असे ठरवून वेगळ्या पाकिटात घातले होते. कालपर्यंत. वकीलबाईंनी पाकीट फोडून वाचले, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "काका, हे तुम्ही गेल्यावर तिला कळणार? म्हणजे तिनं रागवायचं कोणावर, तुमच्या फोटोवर?"

म्हणून आता उघड लिहितो.

अडतीस वर्षांपूर्वी दोन दिवसांच्या एका सामन्यात धाकटा आमचा कर्णधार होता. शेवटच्या तासात साठ धावा हव्या होत्या. त्याने पाण्याच्या बाटलीबरोबर निरोप पाठवला, "मार." मी मारले नाही. तीन तास दहा मिनिटांत बावीस धावा करून नाबाद राहिलो आणि सामना अनिर्णित ठेवला. तंबूत धाकटा म्हणाला, "दादा, तू सामना वाचवला नाहीस, झोपवलास." मी म्हणालो, "तुला क्रिकेट कळायला अजून दोन जन्म लागतील." त्याने दुसरा संघ काढला, वीस षटकांचे सामने सुरू केले. तेव्हापासून आम्ही बोललो नाही. लग्नाकार्यांत एका पंगतीला बसायचो आणि मधे बसलेल्या या पोरीला सांगायचो, "तुझ्या बापाला म्हणावं, मीठ इकडे सरकव."

तीन वर्षांपूर्वी तिचा अंतिम सामना होता. त्यासाठी तिने स्वतः जाड कडेची बॅट केली होती. ती दोरा आणायला गेली असताना मी त्या बॅटवर रंधा मारला. कडा आणि पाठ मिळून दोन सूत, म्हणजे पाव इंच, लाकूड काढले, वर तेल फिरवले. जाड बॅटने पोरगी आळशी होईल, बारीक बॅटने सरळ खेळेल, असे मी स्वतःला सांगितले. आज वाटते, मला तिच्या हातून धाकट्याचा खेळ हरवायचा होता.

शेवटच्या चेंडूवर सहा हव्या होत्या. तिने उचलून मारला. चेंडू दोरीच्या एक हात आत झेलला गेला. धाकट्याने बॅट हातात घेतली, तोलली आणि म्हणाला, "ही दादानं तासलीय." बॅट बनवणाऱ्याचाच मुलगा तोही, हाताला कळते. पोरगी भर मैदानात बापावर उसळली. "काका असं करणार नाहीत. पुन्हा म्हणालात तर मी तुमच्याशी बोलणार नाही." तो पुन्हा म्हणाला. ती त्याच रात्री बॅग घेऊन वरच्या खोलीत राहायला आली. तीन वर्षे ती बापाशी बोलली नाही, माझ्या ताटाला ताट लावून जेवली आणि मी गप्प राहिलो. घरात कोणीतरी आहे, हे मला फार आवडू लागले होते.

काल दुपारी तिला सांगितले. ती मुठीला दोरा गुंडाळत होती.

"किती काढलंत?"

"दोन सूत."

"नीट सांगा."

"पुरते दोन."

तिने दोरा खाली ठेवला. भिंतीवरून माझी बॅट काढली, वडिलांनी केलेली, मी बावीस धावा केल्या ती, अडतीस वर्षांत कोणाला हात लावू न दिलेली. ती बाकावर आडवी घेतली आणि शांतपणे रंधा मारायला लागली. मी खुर्चीत बसून पाहत होतो. तिचा हात सुरेख चालत होता, हेही लिहिले पाहिजे. पट्टी लावून तिने मोजले, पुन्हा एक हात फिरवला, मोजले. मग सालपटांचा ढीग माझ्यापुढे सरकवला.

"दोन सूत. पुरते. आता चहा कोण करतंय?"

चहा मी केला. तेवढ्यात तिने फोन लावला. "बाबा, तुमचं बरोबर होतं. दुकानात या." त्याचे घर चालत वीस मिनिटांवर आहे. तो बारा मिनिटांत आला. घाई तीच. धापा टाकत दारात उभा राहिला, आधी मुलीकडे पाहिले, मग सालपटांकडे.

"दादा, हे काय?"

"तुझ्या मुलीचं काम," मी म्हणालो. "बस. आणि मीठ नको असलं तरी सरळ मला सांग."

त्यानंतर कोण किती रडले याची नोंद करण्याचे कारण नाही.

कलम सहा. वडिलांनी केलेली ती बॅट माझ्यामागे धाकट्या भावास मिळावी, असे कच्च्या मसुद्यात होते. ते कलम काढले आहे. कारण असे की दुसरा साक्षीदार म्हणून शेजारचा शिंपी ठरला होता, पण धाकटा म्हणाला, "मी असताना शिंपी कशाला?" वकीलबाईंनी समजावले की ज्याला काही मिळते त्याने साक्ष करू नये. धाकटा म्हणाला, "मग माझं नाव खोडा. मला काही नको. मला दादाच्या कागदावर सही करायचीय." म्हणून या मृत्युपत्रान्वये मी धाकट्या भावास काहीही देत नाही. बॅट त्याला काल हातात दिली. "हलकी झालीय रे," तो म्हणाला. "तुझ्या वयाला बरी," मी म्हणालो.

कलम सात. माझ्यासाठी मैदानावर दोन मिनिटे उभे राहू नये, गुडघे दुखतात. त्याऐवजी पुढच्या सामन्याआधी एक षटक निर्धाव टाकावे. पुतणीने सहाही चेंडू सरळ बॅटने अडवावेत. नंतर काय ठोकायचे ते ठोकावे. हे वाचून धाकटा म्हणाला, "सहाच्या सहा? दादा, मेल्यावरही अडवतोस!" कलम कायम आहे.

कलम आठ. परवा रविवारी पुतणीचा पुन्हा अंतिम सामना आहे. तिची नवी बॅट मी स्वतः केली आहे, कडा तिने सांगितल्या तेवढ्या जाड. काल रात्री धाकट्याने पट्टी घेऊन त्या मोजल्या. पाच वेळा. आम्ही दोघे दोरीजवळच्या एकाच बाकावर बसणार आहोत. पहिला चेंडू ती अडवेल, असे मला वाटते. धाकट्याच्या मते तो बाकावर येऊन पडेल. पुतणीला विचारले, तर ती म्हणाली, "दोघं जरा लांब बसा."

हे सर्व वाचून, समजून, चहा पिऊन सही करत आहे.

सही : खुंटा

साक्षीदार एक : डॉक्टरीणबाई. माझ्यासमोर सही केली, हात स्थिर होता.

साक्षीदार दोन : धाकटा भाऊ. वाचले. अडतीस वर्षांपूर्वी साठ धावा होण्यासारख्या होत्या, एवढे नोंदवून सही करतो.

ठिकाण : दुकान
तारीख : २१ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार
सामना : रविवार, सकाळी नऊ