‘बसा’ म्हटल्यावर बसणारी कुत्री

धाकट्या,

हे पत्र पाठवायचं नाही, म्हणूनच खरं लिहिते.

सात महिन्यांच्या ठमीला तुझ्याकडे सोडून आम्ही सुट्टीवर आलो, त्याला आज पाच दिवस झाले. तू रोज फोटो पाठवतोस आणि माझा संशय रोज वाढतो. प्रत्येक फोटोत ती झोपलेलीच कशी? विचारलं तर म्हणालास, “ताई, खाते, पिते, झोपते. अजून काय अहवाल देऊ?” ज्याच्या हाती सत्ता त्याच्या शब्दावर विसंबू नका, पुरावा मागा, असं जन्मभर व्यासपीठावरून ओरडत आले. तुला कशी सोडेन?

आज व्हिडिओ मागितला. त्यात तू “बस!” म्हणालास आणि ती झटकन बसली. माझ्या अंगावर काटाच आला. सभेतल्या लोकांना म्हणते तसं मी ठमीलाही पहिल्या दिवसापासून “बसा” म्हणते. “बस” तिला कळतच नाही. माझी ठमी हरवली आणि तू दुसरीच कुत्री आणलीस, असं मी ह्यांना ठणकावून सांगितलं. ह्यांनी शांतपणे व्हिडिओ पुन्हा लावला आणि बोट ठेवून दाखवलं. डाव्या कानाची चीर तीच होती.

म्हणजे ठमी माझीच आहे आणि पाच दिवसांत तुझं ऐकायला शिकली. तू ती हरवली असतीस, तर चौकाचौकात तुझ्याविरुद्ध बोलले असते. आता कुणाविरुद्ध बोलू?

उद्या पहिल्या गाडीने परत निघतोय. इथलं पाणी बाधलं, असं ह्यांना सांगितलंय.

तुझी,
ताई