गाठ उपाशी राहत नाही

३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. केमोचा दुसरा डोस सोसलास, हे वाचून जीव भांड्यात पडला. दाजींनी भाजीत दोनदा मीठ घातलं आणि तू ती मुकाट्याने खाल्लीस, हे मात्र खरं वाटत नाही.

प्रयोगशाळेत मी नेमकं काय करतो, असं विचारलंस. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा तुकडा आणि तिच्या शेजारचा निरोगी तुकडा आमच्याकडे बर्फात येतात. दोन्ही बारीक करून काचेच्या छोट्या कुपीत घालायचे आणि कोण किती झपाट्याने प्राणवायू संपवतो ते बघायचं. पेशींत श्वसनाची एन्झाइम असतात, त्यांचं हे काम. बहुतेक गाठींत ती मंद चालतात. मग गाठ अधाशासारखी साखर खाते आणि तीही अर्धवटच जाळते. प्राणवायू मोजणाऱ्या यंत्रावरची रेघ उतरताना बघून वाटतं, देवाने श्वास किती बारीक जागी ठेवलाय.

जपून राहा. माया आहेच, ती असू दे.
तुझा घुम्या

१९ जानेवारी

चि. घुम्यास,
अनेक आशीर्वाद. घरात तोंड उघडत नाहीस आणि पत्रात किती बोलतोस. तुझं पत्र उशाशी ठेवलंय. ते वाचलं त्या दिवसापासून साखर बंद केली. मग भात, बटाटा, फळं, दूधही. गाठीला साखर लागते ना, मग बसू दे तोंड वासून.

अंगठी बोटातून गळून पडते, हे खरं. वजन आणखी उतरलं तर तिसरा डोस देता येणार नाही, असं डॉक्टर परवा म्हणाले. त्यांना मी काही सांगितलं नाही. हे माझ्या ताटाकडे बघून उसासे टाकतात. मी ऐकवलं, माझा भाऊ त्यातला जाणकार आहे.

तब्येत सांभाळ, लोभ ठेव.
तुझी ताई

२३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. फोन उचलत नाहीस म्हणून लिहितो. आधी जेव, मग पुढचं वाच.

कुपीतल्या तुकड्याला आम्ही घालू तेवढंच मिळतं. तू कुपी नाहीस, ताई. तू खाल्लं नाहीस तरी शरीर रक्तात साखर सोडतच राहतं. साठा संपला की दंडाचं, मांड्यांचं मांस मोडून ती करतं. गाठ उपाशी राहत नाही. उपाशी राहतो तो तुझा निरोगी भाग, आणि डोस सोसायचाय तो त्यालाच.

शिवाय मी बहुतेक गाठी म्हटलं होतं. कालच्या एका गाठीत एन्झाइम निरोगी तुकड्याच्या बरोबरीने चालत होती. आमच्या प्रमुख बाईंना तुझं पत्र दाखवलं. त्या एवढंच म्हणाल्या की आपण तुकडे मोजतो, माणसाने काय खावं ते त्याच्या डॉक्टरांना ठरवू दे. तेव्हा उद्याच दाजींबरोबर जा आणि त्यांना खरं सांग. मी रोज प्रार्थना करतो, पण घास काही देव येऊन भरवणार नाही.

हवी तेवढी रागाव, पण जेव.
तुझा घुम्या

११ फेब्रुवारी

चि. घुम्यास,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आल्यावर दोन दिवस तुझ्यावर धुसफुसत होते. तू खोटं लिहिलंस म्हणून नाही. सुई टोचते ती नर्स, औषध ठरवतात ते डॉक्टर, स्वयंपाक ह्यांचा, प्रार्थना तुझी. सगळ्या दुखण्यात माझं म्हणून एकच काम होतं, तोंड मिटून घ्यायचं. तेही तू काढून घेतलंस.

मग डॉक्टरांना सांगितलं. ते रागावले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. थोडं थोडं, पण दिवसभर खायला सांगितलंय. घास तोंडात फिरत राहतो. उपास सोपा होता रे, खाणं अवघड आहे.

वजन वाढलं नाही, पण उतरायचं थांबलं. आज तिसरा डोस झाला. संध्याकाळी हात थरथरत होते, म्हणून ह्यांनी केळं कुस्करलं आणि चमचा माझ्या तोंडाशी आणला. मी तो काढून घेतला. म्हटलं, हे काम माझं आहे. अर्धं सांडलं, उरलेलं खाल्लं.

माया पातळ करू नकोस.
तुझी ताई