चौघांच्या सह्या

१८ ऑगस्ट १९५६, शनि.
गुडघा सोलला, तरी खुशीत. प्रॅक्टिसनंतर मास्टरसाबांनी थांबवून घेतलं. चार वर्षं आमचे कोच, पण शिट्टीपलीकडे माणूस बोलत नाही. आज बोलले. कॉलेजच्या वार्षिकात बास्केटबॉल टीमचा इतिहास छापायचाय. "तू लिख, दिगंबर. मैं बोलता जाता हूँ."
निजामाच्या अमदानीत पहिलं कोर्ट, मातीचं. गौलीगुड्याच्या लोहारानं बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेतून रिंगा वळवून दिल्या. चहाच्या खोक्यांच्या फळ्यांचे बोर्ड. पोलिस ॲक्शनच्या साली ग्राउंड बंद. बॉल मास्टरसाबांच्या घरी, तांदळाच्या पिंपात. नंतर ग्राउंड उघडलं तेव्हा तीन पोरं आलीच नाहीत. कुठं गेली? "बस, नहीं आए."
एक गोष्ट दोनदा लिहून घ्यायला लावली: कॅप्टन पोरंच निवडतात. पहिल्या दिवसापासून. साहेबलोकांचा त्यात हात नाही.

२ सप्टें., रवि.
मी कॅप्टन! नाव माझ्या जिवलग दोस्तानं, राघवलूनंच सुचवलं. सगळ्यांचे हात वर. मी सेंटर, तो माझ्या उजव्या बाजूला. न बघता पास देतो आम्ही एकमेकांना. संध्याकाळी घरी आला. आईनं थालीपीठं लावली. "कॅप्टन हा, अन् जास्त खाणार तू," आई म्हणाली. रा. मराठीत: "आई, डोकं ह्याचं मोठं, पोट माझं." अप्पासुद्धा हसले.

१७ सप्टें., सोम.
अप्पांच्या नामपल्लीच्या ऑफिसात यादी लागली, राज्यं नव्यानं पडल्यावर कोण कुठं जाणार त्याची. अप्पांचं नाव मुंबई राज्यात. म्हणजे औरंगाबाद. नोव्हेंबरात निघायचं. आई भांडी घासता घासता थांबली. "सगळा संसार इथं झाला. तिथं आपल्याला कोण ओळखतंय?"
माझं ठरलं. काचीगुड्याला मामांकडे राहून बी.एस्सी. पुरी करणार. टूर्नामेंट जानेवारीत, परीक्षा मार्चात. मी कुठंच जात नाही.
फक्त रा.ला सांगितलं. म्हणाला, "किसीको बोलना नक्को. बेकार चर्चा होती."

१ ऑक्टो., सोम.
क्रीडा सेक्रेटरींनी बोलावलं. खेळाडूंचं पत्र आलंय म्हणे. नवं राज्य होतंय, कॅप्टन इथला असावा. "तुम्ही तर औरंगाबादला चाललात." म्हटलं, सर, घरचे जाताहेत, मी इथंच आहे. "तसं तुम्हीच टीमला सांगितलंय ना?"
मी? कधी?
दुपारी नोटीस लागली. कॅप्टन राघवलू.
ग्राउंडवर त्याला विचारलं. "मेरेको क्या मालूम, मियाँ." बुटाची नाडी बांधत होता. मान वर केली नाही.

४ ऑक्टो., गुरु.
मास्टरसाबांच्या घरी गेलो. पत्र त्यांच्याकडूनच पुढं गेलेलं, नक्कल ठेवलेली. दाखवली. चौघांच्या सह्या. पहिली रा.ची, मजकूरही त्याच्याच अक्षरात. 'टूर्नामेंटआधी हैदराबाद सोडणार, असे दिगंबरने स्वतः सांगितले आहे.'
खोटं. सपशेल खोटं.
तारीख वीस सप्टेंबर. म्हणजे इतके दिवस हे माझ्यासमोर शिट्टी वाजवत होते, अन् पत्र ह्यांना ठाऊक होतं! म्हटलं, "आप तो बोले थे, कॅप्टन लड़के चुनते." खिडकीबाहेर बघत म्हणाले, "नए साहब लोगां आ रहे, बेटा. मेरी नौकरी के दो साल बाकी हैं."
चहा तसाच टाकून उठलो.

६ ऑक्टो., शनि.
आबिड्सला पोस्टासमोर रा. सापडला. वाट अडवली.
"हौ, मैंच लिखा." तो कॅप्टन असेल तर पोलिसात सब-इन्स्पेक्टरसाठी शिफारस करतो, असा सेक्रेटरींनी शब्द दिलाय. "तेरेको आज नहीं तो कल जानाच है. मेरेको यहींच मरना है."
म्हटलं, मागितलं असतंस तर दिलं असतं.
"मांगता तो जिंदगीभर का एहसान."
खरंच दिलं असतं का मी? आता लिहिताना… दिलं असतं. बहुतेक.

१९ ऑक्टो., शुक्र.
ग्राउंडवर जात नाही. आई रोज विचारते, रागू का येत नाही? अभ्यास, म्हणतो. आज अप्पांना सगळं सांगून टाकलं. चष्मा पुसत म्हणाले, "माझ्या बदलीवरही कुणाची तरी सही आहेच. मी कुणाकुणाशी भांडू?" मग चष्मा चढवून: "पण तुझ्यावर सही करणारा आपल्या घरी जेवला होता. ते निराळं."

११ नोव्हें., रवि.
राज्य बदलून दहा दिवस झाले. आई-अप्पा गेले. आई शेवटपर्यंत लोणच्याच्या बरण्यांवर फडकी बांधत होती. मामांकडे माझी खाट गॅलरीत.

२५ नोव्हें., रवि.
इतिहास पुरा केला. शेवटच्या पानावर महिनाभर अडलो होतो. लिहिलं: 'मुलांनी एकमताने दिगंबर शिंदे यास कॅप्टन निवडले. पुढे चार खेळाडूंच्या पत्रावरून सेक्रेटरींनी राघवलू यास नेमले.' इतकंच.
मास्टरसाबांनी उभ्याउभ्याच वाचलं. "ये आखरी सफा…"
"सच नहीं है क्या?"
"सच है." घडी करून खिशात घातलं. छापतील असं वाटत नाही.

९ जाने. १९५७, बुध.
रा. आला होता. तीन महिन्यांनी. जिन्यातच उभा. नव्या सेंटरचा पाय मुरगळला, परवा टूर्नामेंट. मामींनी पाणी दिलं.
"दिगू, आ जा. तेरे बगैर नहीं होता."
म्हटलं, एकच अट. सगळ्या टीमसमोर सांग, मी जातो असं मी कधीच म्हणालो नव्हतो. तू ते बनवून लिहिलंस.
पेला हातात फिरवत राहिला. "सबके सामने?"
"सगळ्यांसमोर. मास्टरसाबांसमोरही."
पेला मामींना परत देत म्हणाला, "सांगतो."
उद्या साडेसहाला प्रॅक्टिस. मामींना पाचला हाक मारायला सांगितलंय. खेळेनच असं नाही. बोलताना त्याचं तोंड बघायचंय. अन् नाहीच बोलला, तर तसाच पाठ फिरवून घरी.