उत्तर भिंतीवरची तारीख

लिहून ठेवणार मी जानराव वल्द किसनाजी, वय वर्षे अडुसष्ट, जात कुणबी, धंदा पूर्वी मास्तरकी, आता काही नाही, राहणार वाशीम, बाजारचौक. माझे डोके ठिकाणावर आहे. डोळ्यांना कमी दिसते. कानांना मात्र जरा जास्तच ऐकू येते, त्याचा खुलासा पुढे येईल. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून भुलवलेले नाही. हा कागद मी दिवसाउजेडी, स्वतःच्या हाताने, बोरूने लिहीत आहे. याआधीचे मृत्युपत्र मी चुलीत घातले. जगदेवने ते शोधत बसू नये.

कलम १. जऊळक्याचे शेत व त्यातली विहीर पुतण्या जगदेव यास द्यावी. तो शेत चांगले कसतो, हे खोटे म्हणता येत नाही. पण रुख्मिणीच्या, म्हणजे माझ्या पत्नीच्या, तेराव्याच्या दिवशी पंगत उठायच्या आधीच हा चौकातल्या माडीची लांबी पावलांनी मोजत होता. "काय करून राह्यला रे?" मी विचारले. "काई नाई काका, पाय मोकळे करून राह्यलो," म्हणाला. पाय मोकळे करायला त्याला शेत दिले आहे. माडी देत नाही.

कलम २. माडीविषयी. हे कलम लांबेल. वाचणाऱ्याने कंटाळू नये.

चौकातली ही दुमजली माडी माझ्या सासऱ्यांनी बांधली. रुख्मिणी एकुलती एक, म्हणून माडी आमच्याकडे आली. खाली दुकान, वर लांबलचक दिवाणखाना. तिथे मी एकतीस वर्षे शाळा चालवली, १९२७ साली गावाबाहेर नवी शाळा झाली तोवर. गणित शिकवले ते नाइलाजाने. कविता शिकवल्या त्या जीव ओतून. पुस्तकातल्या संपल्या की स्वतः रचत असे:

थांब पाखरा, थांब जरासे,
घरटे अजुनी विणणे आहे.

चाळीस मुले एका सुरात म्हणत आणि दाराआड सूप घेऊन बसलेली रुख्मिणी अर्धा शब्द मागून म्हणे. ती अशीच शिकली. वर्ग सुटला की मी तिला अक्षरे गिरवायला देई. तिच्या नऊची शेपटी काकडीच्या वेलाच्या तणाव्यासारखी वर वळून पुढच्या आकड्याला जाऊन धरायची. किती सांगितले तरी ती शेपटी सुटली नाही. १९२९ साली रुख्मिणी गेली. मी वरच्या मागल्या खोलीत एकटा राहू लागलो.

माडीचा पाया काळ्या मातीत आहे. ती माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. पाच वर्षांपूर्वी उत्तरेची भिंत रस्त्याकडे झुकली. गावच्या कमिटीने जे करायचे ते सगळे केले, हे मी इथे नमूद करतो. आधी बाभळीचे टेकू लावले. मग बाजारच्या गाड्या दुसऱ्या गल्लीने वळवल्या. मग दवंडी पिटवली, "गुर्जीच्या माडीखालून कोनी जाऊ नका हो!" त्या दिवशी सगळे गाव माडीखाली पाहायला जमले. शेवटी पाडण्याचा ठराव झाला. ठरावावर हात वर करणाऱ्यांत तिघे माझे विद्यार्थी होते. मी कोर्टात गेलो.

कोर्टाने मधला मार्ग काढला. कमिटीचा मिस्त्री रतनसिंग याने भेगांवर आडव्या चुन्याच्या पट्ट्या बसवाव्यात आणि ओल्या चुन्यात खिळ्याने तारीख कोरावी. भिंत हलली तर पट्टी तडकेल. पट्टी तडकली की मालकाने बाहेर पडावे, कमिटीने माडी पाडावी. पट्ट्या शाबूत तोवर कोणी हात लावू नये.

पहिली पट्टी तिसऱ्याच महिन्यात तडकली.

मी ती पहाटे खरवडून काढली, गूळ-हिरड्याचा चुना मळला, नवी बसवली, रतनसिंगच्या अक्षरात त्याचीच तारीख कोरली आणि वर जुनेपणाला राख चोळली. दिवाळीला रुख्मिणीच्या हाताखाली चुना लावून लावून ही कला मला आली होती. असे मी चार वर्षे केले. रतनसिंग दर महिन्याला येई, बोटाने पट्टी दाबून पाही. "नवल हाय गुर्जी. एवढी भेग, अन् पट्टीले काहीच नाही." मी मान डोलवत असे.

का केले, ते सांगतो. भर दुपारी, बाजार ऊन खात पडलेला असताना, मागल्या खोलीतून मला दिवाणखान्यातला वर्ग ऐकू येत असे. थांब पाखरा, थांब जरासे. दार उघडले की धूळ आणि उन्हाचा पट्टा, दुसरे काही नाही. लाकूड करकरते, असे रतनसिंग म्हणतो. असेल. पण लाकूड अर्धा शब्द मागून कविता म्हणत नाही. तो मागून येणारा आवाज पाडायला मी कसा देणार?

मला एकट्याला भास होतो म्हणावे, तर खालच्या दुकानात सोनीबाई आहे. नवरा भाऊसिंग तांड्यावर दोर वळतो, ती इथेच राहून कासरे आणि दोर विकते. एकदा मला म्हणाली, "आज पोट्टे लवकर सुटले काय गुर्जी?" "कोणते पोट्टे?" "काहून, रोजचे. आतापावतर तं घोकून राह्यले होते." शाळा बंद होऊन तेव्हा आठ वर्षे झाली होती.

याच सोनीबाईला कमिटीने तीनदा उठायला सांगितले. तिचे उत्तर एकच, "पट्टी शाबूत हाय न? मंग मी कायले उठू?" ते मी वरून ऐकत होतो आणि गप्प बसत होतो. माझ्या हातून झालेले सर्वांत मोठे पाप ते हेच.

आता परवाची, ३ नोव्हेंबरची गोष्ट. पहाटे चुन्याचे घमेले घेऊन उत्तर भिंतीपाशी गेलो. भेग चार बोटे आत जातील इतकी उघडली होती. तिच्यावर पट्टी होती. अखंड आणि ओली. मी लावलेली नव्हती. तारीख कोरली होती, सहा दिवस पुढची: ९ नोव्हेंबर १९३६. दोन्ही नवांच्या शेपट्या वर वळून पुढच्या अक्षराला जाऊन धरलेल्या.

मी खाली जाऊन सोनीबाईला वर आणले. तिला वाचता येत नाही. तिने तारखेकडे पाहिलेच नाही. पट्टीच्या कडेला तळहाताचा ठसा होता, तिथे ती वाकली. "हा तं रुख्मिणीबाईचा हात हाय. जात्यात चेंगरलेली करंगळी पाहा न. माझ्यासंगं सारवत, तवा असाच तिरपा उठे."

मग मी तिला चार वर्षांचे सगळे सांगितले. ती म्हणाली, "मले ठाऊक हाय. चुन्याचे हात घेऊन उतरत होते तुमी."

"मग उठली का नाहीस?"

"मले वाटलं, गुर्जी वर झोपतात, भिंत पडली तं पयले तेच जातीन. ते खोटं कायले करतीन?"

मी चुन्याचे घमेले पालथे केले. ती म्हणाली, "तुमी उतरा. मंग मी दोर उचलते."

म्हणून हे कलम माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. याची नक्कल आजच कमिटीला आणि कोर्टात देत आहे. माझा दावा मी मागे घेतो. मी काल माझा जुना विद्यार्थी शालिग्राम याच्या पडवीत आलो, सोनीबाई आज तांड्यावर गेली. ८ तारखेच्या सूर्यास्तानंतर चौकात माणूस, बैल, गाडी काही असू नये. दवंडी पुन्हा पिटवावी, आणि या वेळी कोणी पाहायला येऊ नये.

कलम ३. माडी गेल्यावर तिची जागा सोनीबाईस द्यावी. सागाच्या तुळया निघतील, त्यांतून तिला दुकान उभारून द्यावे. एकमजलीच.

कलम ४. शाळेची घंटा म्हणजे रुळाचा तुकडा. तो नव्या शाळेस द्यावा. आवाज चांगला आहे.

कलम ५. थापी व घमेले रतनसिंग यास द्यावे. याच थापीने मी त्याला चार वर्षे फसवले. त्याने ती वापरावी किंवा मोडावी.

कलम ६. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही, म्हणून शालिग्रामला काही नाही. नाहीतरी त्याची कविता कधी पाठ नसे.

एक लिहायचे राहिले. ३ तारखेपासून दुपारी माडीतून आवाज येत नाही. काल जिन्याच्या पायथ्याशी तासभर उभा राहिलो. वर्ग सुटला आहे. वर्ग सुटल्यावर मी कधी कोणाला वर थांबू दिले नाही. मीही थांबत नाही.

हे वाचून, समजून, साक्षीदारांसमक्ष सही केली.

जानराव वल्द किसनाजी
मुक्काम वाशीम, ५ नोव्हेंबर १९३६

साक्षीदार
१. शालिग्राम वल्द महादजी, स्वहस्ते
२. धरमसिंग वल्द प्रेमसिंग, निशाणी अंगठा
३. रुख्मिणी, जानरावची पत्नी. सही उत्तर भिंतीवर, चुन्यात आहे. कोर्टास पाहायची असेल तर ८ तारखेच्या आत पाहावी.