गॉनच्या पबला शुक्रवारची टिप

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

आजपासून डायरी. टिप देणाऱ्या माणसाने नोंदी ठेवाव्यात असं माझं मत झालंय. शाळेत माझी वही कोरी असायची, पण तिथे घोडे नव्हते.

डॅडींचा फोन आला. गॉनच्या पबमधून, मागे सगळ्या गावाचा आवाज. म्हणाले, ओवेन, बोल, उद्या काय? म्हणालो, तिसऱ्या शर्यतीत ब्रास फेंडर, डोळे मिटून. डॅडींनी मागे वळून ओरडून सांगितलं, ब्रास फेंडर म्हणतोय. पब एकदम गप्प. सगळे लिहून घेत असणार. एवढा विश्वास.

लगेच फोन ठेवला. तब्येतपाणी राहूनच गेलं.

हेही लिहून ठेवतो. मार्चमध्ये घर सोडताना डॅडींना बजावलं होतं की मी मेंढ्यांमागे जन्म काढणार नाही, आणि तुम्ही स्वतः ये म्हणाल तेव्हाच परत येईन. ते म्हणाले, जाताना गेट लाव, मेंढ्या बाहेर येतील. लावलं. ख्रिसमसला ते ये म्हणणार, नक्की. वातावरण तयार होतंय.

शनिवार, १२ ऑक्टोबर

ब्रास फेंडर दुसऱ्याच अडथळ्याला पडला. जॉकीची चूक.

रविवार, १३ ऑक्टोबर

आज आमच्याच रेसकोर्सवर शर्यती. माझं काम असं : घोडे गेले की लांब दांड्याचा काटा घेऊन ट्रॅकवर जायचं, खुरांनी उडवलेली गवताची ढेकळं उलटी करून खड्ड्यात बसवायची, पायाने दाबायची. बाकीचे नुसते दाबतात. मी वाचतो. खड्डा खोल, तर घोडा दमलेला. उथळ, तर दम शिल्लक, पुढच्या वेळी जिंकणार. ही माझी स्वतःची थिअरी आहे.

टिरेलला सांगितली. टिरेल म्हणजे आमचा मुकादम. तो म्हणाला, मेयो, इथून बारा घोडे गेलेत, हा खड्डा कुणाचा? म्हणालो, अनुभवाने कळतं. तो म्हणाला, मग खड्ड्यालाच विचार, मालकाचा पत्ताही देईल.

मत्सर.

इथे मला सगळे मेयो म्हणतात. आमच्या परगण्याचं नाव. ओवेन म्हणणारं कुणी नाही. शुक्रवार सोडून.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

फोन आला. ठरवलं होतं की आधी चार गोष्टी बोलायच्या. विचारलं, गुडघा कसा आहे? डॅडी म्हणाले, गुडघा उद्या पळणार आहे का? नाव सांग.

पॅरिश केटल सांगितला. खड्डा अगदी बशीइतका उथळ होता.

शनिवार, १९ ऑक्टोबर

पॅरिश केटल शेवटून दुसरा. शेवटचा लंगडत होता.

जमीन जड होती. पाऊस कुणाच्या हातात नसतो. संकल्प : यापुढे पाऊसही धरायचा. सकाळचा सॉसेज रोल बंद, डोकं जड होतं.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

डॅडी भलतेच खुशीत. म्हणाले, मार्टिन गॉनने पबमध्ये नवा टीव्ही लावला, भिंतभर, सगळा तुझ्यामुळे. मागून कुणीतरी ओरडलं, ओवेनच्या नावाने. सगळे हसले, ग्लास वाजले.

माझे गेले तीन घोडे हरले होते. पण टीव्ही तर आला. म्हणजे माझ्या टिप्सचा उपयोग मला वाटतो त्याहून खोल आहे.

मी राहतो त्या कॅरॅव्हॅनमध्ये ओल आलीय. हीटरसमोर मोजे वाळत घालतो, ते गरम होतात पण वाळत नाहीत. रोल परत सुरू केला. थंडीत अंगात काहीतरी पाहिजे.

रविवार, ३ नोव्हेंबर

शेवटच्या अडथळ्यात बर्चच्या फांद्या ठोसत होतो. तो अडथळा आता माझा आहे, टिरेलने दिलाय. (टिरेल म्हणतो, दुसरं कुणी इतक्या लांब चालत जायला तयार नाही.) शेजारच्या तबेल्याची करडी घोडी फिरायला आणली होती, किटीज लँटर्न. तिने सरळ माझ्या खिशात तोंड घातलं आणि अर्धं सँडविच खाल्लं. मग बराच वेळ तोंड माझ्या खांद्यावर ठेवून उभी राहिली. तिला घेऊन आलेली तबेल्यातली पोरगी म्हणाली, ही कुणाशी असं करत नाही.

तिचे खड्डे पाहिले. उथळ.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

डॅडींना सांगितलं, लँटर्न. आयुष्यात एवढी खात्री कधी नव्हती. ते म्हणाले, हे ऐकून फार बरं वाटलं पोरा.

पोरा म्हणाले. ख्रिसमस आता हातभर.

शनिवार, ९ नोव्हेंबर

लँटर्न जिंकली. माझ्या अडथळ्यावरून पक्ष्यासारखी गेली. मी काटा हवेत फेकला. टिरेल म्हणाला, खाली येईल तेव्हा डोकं सांभाळ. पण तोही हसत होता.

डॅडींचा फोन नाही. पबमध्ये दंगा चालला असेल. त्यात फोनवर काय ऐकू येणार.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

फोन नाही. अजून जल्लोष?

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

फोन नाही. टिरेलच्या फोनवरून माझा फोन लावून पाहिला. वाजतो. टिरेलने विचारलं, कुणाची वाट बघतोयस? म्हणालो, धंद्याचं आहे.

रविवार, २४ नोव्हेंबर

ब्रीजचा फोन. ब्रीज माझी मोठी बहीण, घरीच असते, डॅडींचं सगळं तीच बघते. विचारलं, डॅडी रागावलेत का?

ती म्हणाली, अरे येड्या, तुला खरंच माहीत नाही? ते तुझा घोडा खोडतात. शुक्रवारी आधी तुझं ऐकायचं, तो घोडा खोडायचा, मग उरलेल्यांत निवडायचा. टीव्ही काय उगीच आलाय? आणि लँटर्न खोडली तर लँटर्नच पहिली आली. फादर लॅव्हेलनेसुद्धा पैसे लावले होते, दुसऱ्या घोड्यावर. रविवारी प्रवचनात विश्वासघातावर बोलला.

मग विचारलं, डॅडी माझ्याबद्दल काही विचारतात का? ती म्हणाली, शुक्रवारी विचारायचे.

सोमवार, २५ नोव्हेंबर

शांतपणे विचार केला. हमखास बरोबर येणारा माणूस मिळत नाही. हमखास चुकणाराही मिळत नाही. म्हणजे मी त्याच तोडीचा. फक्त एकदा हात घसरला.

संकल्प : परत चुकायला लागायचं.

बुधवार, ११ डिसेंबर

वाटलं तितकं सोपं नाही. मला जो जिंकेल असं वाटतं, तो हरतो. मग जो हरेल असं वाटतं तो सांगू? पण तो हरेल असं मला वाटतंय, म्हणजे तो जिंकेल. डोकं दुखलं. टिरेलला विचारलं. तो म्हणाला, मेयो, तू फांद्या ठोस.

शनिवारी लँटर्न पळतेय. फक्त तीन घोडे. मनापासून विचाराल तर तीच.

शुक्रवार, १३ डिसेंबर

शेवटी मीच फोन लावला. म्हणालो, उद्या लँटर्न. डॅडी म्हणाले, तुला खरंच तसं वाटतंय? का मुद्दाम सांगतोयस? म्हणालो, मनापासून. खरंच होतं. त्यांनी फोनवर हात ठेवला, पण त्यांचा आवाज हातात मावत नाही. ऐकू आलं : खोडा तिला.

शनिवार, १४ डिसेंबर

माझ्या अडथळ्याजवळ काटा घेऊन उभा होतो. लँटर्न पुढे होती, बरीच पुढे, कान टवकारून. मी पुटपुटत होतो, हर ग बाई, हर, एवढी एकदा हर. शेजारचा म्हणाला, काय रे, प्रार्थना? म्हणालो, हो.

तिने माझ्या अडथळ्याला पोट घासलं. फांद्या उडाल्या, मीच ठोसलेल्या. पडली नाही. पण चाल गेली ती गेलीच. तिघांत तिसरी.

संध्याकाळी फोन. अख्खा पब गात होता. डॅडी म्हणाले, ओवेन, तू सोनं आहेस. मग गुडघ्याचंही सांगितलं. मेंढ्यांचंही. सगळ्यांनी एकेक करून फोन घेतला, फादर लॅव्हेलनेही, म्हणाला, माझा तुझ्यावर कायम विश्वास होता.

मला राहवलं नाही. स्वतःच विचारलं, मग ख्रिसमसला येऊ?

डॅडी म्हणाले, छे रे, आत्ता कुठे? ख्रिसमसच्या दुसऱ्याच दिवसापासून, सेंट स्टीफन्सपासून, शर्यतीच शर्यती. तू इथे आमच्यात येऊन बसलास की चार शहाण्यांचं ऐकशील, आणि बरोबर यायला लागशील. तिकडेच राहा. तिकडे तुझं छान चाललंय. शुक्रवारी फोन करतो.

डॅडींना माझ्या करिअरची एवढी काळजी असेल असं वाटलं नव्हतं.

रविवार, १५ डिसेंबर

राहिलेले खड्डे दाबायला गेलो. माझ्या अडथळ्यापलीकडे लँटर्नचा सापडला. तिचाच. उथळ. खूप दम शिल्लक होता तिच्यात.

टिरेल लांबून ओरडला, मेयो, तिथे एक राहिला.

म्हणालो, असू दे.